म्झे मजेत आहेत

टीव्हीवर एखादा वयोवृद्ध राष्ट्राध्यक्ष दिसला की आपण त्याचा चेहरा बघतो. डॉक्टर बूट बघायचे.

"लेसचे बूट सोडून हा बिनलेसच्या बुटांवर आला. म्हणजे खाली वाकवत नाही," ते सोफ्यावरून जाहीर करायचे. "आणि बूट एक नंबर मोठा आहे. संध्याकाळी पाय सुजत असणार." मग विमानाच्या जिन्याचं दृश्य आलं की टीव्हीचा आवाज बंद करून पायऱ्या मोजायचे. "एक, दोन, तीन. थांबला. खाली कोण उभंय ते बघायच्या निमित्तानं थांबला. जुना डाव आहे, आमच्याकडे मीच शिकवला होता. चार, पाच." राष्ट्राध्यक्ष सुखरूप जमिनीवर पोचले की डॉक्टर समाधानानं मान हलवायचे आणि वहीत काहीतरी टिपून ठेवायचे. ती वही म्हणजे आफ्रिकेतल्या समस्त म्हाताऱ्या सत्ताधीशांचा केसपेपर होता. त्यात नावं नव्हती. काठीवाले, गॉगलवाले, घसा खाकरणारे असे वॉर्ड होते.

मी त्यांची भाडेकरू. ऑकलंडच्या पूर्वेला, बॉटनी डाउन्समध्ये, त्यांच्या घरामागे एक खोलीचं सुटं घर होतं. त्याला इथे स्लीपआउट म्हणतात. त्यात मी चार वर्षं राहिले. मी फार्मासिस्ट, सांगलीहून एकटीच आलेली. शनिवारी माझी अर्धी ड्यूटी असायची. दुपारी परत आले की डॉक्टर मागच्या दारातून हाक मारायचे, "चल, राउंडला उशीर होतोय." मग आम्ही चहा घेऊन टीव्हीसमोर बसायचो आणि एकेका देशाची राउंड घ्यायचो.

खोली मला मिळाली तीही तपासणी होऊनच. फोनवर त्यांनी माझी नोकरी, पगार, व्हिसा यातलं काहीच विचारलं नाही. "येऊन चालून दाखव," एवढंच म्हणाले. मी गेले. त्यांनी मला ड्राइव्हवेवरून लेटरबॉक्सपर्यंत जाऊन परत यायला सांगितलं. त्या आधी मी वीसेक घरं बघून आले होते, त्यामुळे कुणी कोलांटी मारायला सांगितली असती तरी मारली असती. मी चालले. ते दारात उभे राहून बघत होते.

"दोन्ही हात सारखे हलतात," ते म्हणाले. "खोली तुझी."

याचा अर्थ त्यांनी पुढे कधीतरी सांगितला. चालताना ज्याचा एक हात अंगाला चिकटून राहतो, त्याच्या आत काहीतरी शिजत असतं. माणूस तोंडानं खोटं बोलतो, छापील भाषणात बोलतो, पण हात झुलवत खोटं चालणं त्याला जमत नाही. दुसरी खूण सही. "सही दर वर्षी बारीक होत गेली तर समजावं की मेंदूकडून हाताला निरोप नीट पोचत नाही. नोटांवरच्या सह्या बघ. लोक नोटेवरचा आकडा बघतात, मूर्ख लेकाचे."

डॉक्टर मिरजेला शिकले आणि तिशीच्या आतच आफ्रिकेतल्या एका देशात सरकारी नोकरीवर गेले. देशाचं नाव मी लिहीत नाही. त्यांनी तशी शपथ घातली होती, शिवाय तिथली काही मंडळी अजून खुर्चीवर आहेत असं ते म्हणायचे. चार वर्षांत त्यांची बदली राष्ट्राध्यक्षांच्या निवासात झाली आणि पुढची बावीस वर्षं ते म्झेंचे खासगी डॉक्टर होते. तिकडे वडीलधाऱ्याला मानानं 'म्झे' म्हणतात. शब्दशः अर्थ म्हातारा. "तिथे कुणाला म्हातारा म्हटलं की तो खुर्ची देतो आणि चहा मागवतो," डॉक्टर सांगायचे. "इथे बसमध्ये एका बाईला नुसती जागा दिली, तर ती पुढच्या स्टॉपला रागानं उतरून गेली."

ही माणसं इतकी वर्षं जगतात कशी, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. अनुमान दर आठवड्याला बदलायचं. कधी ते म्हणायचे, त्यांना कुठल्याच रांगेत उभं राहावं लागत नाही, म्हणून गुडघे टिकतात. कधी म्हणायचे, त्यांना तीस वर्षांत कुणी 'नाही' म्हटलेलं नसतं, म्हणून रक्तदाब वाढत नाही. दुपारच्या झोपेवर त्यांची विशेष श्रद्धा होती. "म्झे झोपले की सगळं मंत्रिमंडळ बाहेर व्हरांड्यात बसायचं. अडीच तास. एकदा परराष्ट्रमंत्रीही तिथेच घोरायला लागला, तर त्याला पुढच्या आठवड्यात मत्स्योद्योग दिला." हे सांगून स्वतः डॉक्टर दोन ते चार झोपायचे आणि त्या वेळात मी लॉन मोअर चालवलं तर मलाही मत्स्योद्योग मिळेल असा धाक घालायचे.

पण एखादे वेळी सगळी गंमत सोडून ते एकदम सांगायचे की निवासात ईसीजीची दोन यंत्रं होती, एक बिघडलं तर दुसरं म्हणून. जिल्ह्याच्या इस्पितळात एकही नव्हतं.  आणि लगेच चॅनल बदलायचे.

न्यूझीलंडबद्दल त्यांचं एकच म्हणणं होतं, की इथे माजी लोक फार. एकदा बॉटनीच्या सुपरमार्केटमध्ये त्यांना एक माजी मंत्री दिसले. हातात बास्केट, पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, एकटेच अॅव्होकाडो दाबून बघत होते. डॉक्टर हातातलं दही ठेवून त्यांच्या मागे लागले. भाज्या, पाव, मांजरांचं खाणं, असा सगळा दौरा त्यांनी आठ पावलं अंतर ठेवून केला. शेवटी ते गृहस्थ वळले आणि म्हणाले, "किया ओरा, यू ऑल राइट, मेट?" डॉक्टरांनी त्यांना नमस्कार केला, तब्येत विचारली आणि दही न घेताच घरी आले.

"माजी आहे," ते मला आश्चर्यानं सांगत होते. "आणि जिवंत आहे. आणि हसतो. आमच्याकडे माजी म्हणजे एक तर परागंदा, नाहीतर फोटोला हार."

डॉक्टरांचं खरं कसब नाडीत नव्हतं, ते होतं बुलेटिनमध्ये. म्झे आठवडाभर दिसले नाहीत की राजधानीत अफवा उठायची. मग डॉक्टर एक ओळीचं पत्रक लिहायचे आणि ते रेडिओवर वाचलं जायचं. त्यांचा नियम कडक होता: खोटं वाक्य एकही नको. 'म्झे विश्रांती घेत आहेत.' 'म्झेंनी हलका आहार घेतला.' 'म्झे खासगी भेटीसाठी परदेशी गेले आहेत.' शेवटच्याचा अर्थ ऑपरेशन. देशातल्या शेंबड्या पोरालाही तो माहीत होता. तरी सगळे पत्रक ऐकायचे आणि हायसं वाटल्यासारखं करायचे.

त्यातली चहाची गोष्ट मी त्यांच्याकडून किमान दहा वेळा ऐकली असेल. एकदा अफवा फारच वाढली, म्हणून म्झेंचा चहा पितानाचा फोटो वर्तमानपत्रात द्यायचं ठरलं. फोटो झकास आला. दुसऱ्या दिवशी बाजारात चर्चा सुरू झाली, की कप डाव्या हातात का? म्झे तर उजव्या हाताचे. म्हणजे उजवा गेला. निवासात हाहाकार. डॉक्टर सांगायचे की तेव्हा माहितीमंत्र्याला एक युक्ती सुचली. त्या आठवड्यापासून सगळ्या मंत्र्यांनी डाव्या हातानं चहा प्यायला सुरुवात केली. मग सचिवांनी. मग बँकांच्या मॅनेजरांनी. शाळेत मुख्याध्यापक डाव्या हातानं पिऊ लागले. महिन्याभरात डावा हात ही देशभक्तीची खूण झाली आणि म्झेंचा फोटो सगळ्यांच्यात मिसळून गेला. "किती शर्ट खराब झाले असतील," डॉक्टर म्हणायचे आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे.

आता मुलीबद्दल सांगायला हवं, कारण तिच्यामुळे मला पद मिळालं. त्यांची मुलगी वेलिंग्टनला सरकारी खात्यात होती. मी तिला ताई म्हणायचे. डॉक्टरांची बायको गेल्यापासून ताई त्यांना "इकडे या" म्हणून मागे लागली होती. डॉक्टर वाऱ्याचं कारण सांगायचे. वेलिंग्टनला वारा आहे हे खरंच आहे, पण खरं कारण वेगळं होतं. "तिच्याकडे मी पाहुणा," ते मला म्हणाले होते. "इथे माझं राज्य आहे." हे राज्य म्हणजे तीन बेडरूमचं घर, लिंबाचं झाड आणि एक जुनी निळी गाडी. गाडी घेऊन ते रोज सकाळी कोपऱ्यावरच्या डेअरीत दूध आणायला जायचे. चालत सात मिनिटं लागतात, पण राष्ट्राध्यक्ष दूध आणायला चालत जात नाहीत.

ताईची अट स्पष्ट होती. तिनं ती मलाही सांगितली होती. "गाडी चालवतायत तोवर राहू देत तिथे. ज्या दिवशी गाडी सुटेल त्या दिवशी मी त्यांना घेऊन येणार. घर विकून टाकू. एकटे, गाडीशिवाय, तिकडे कसे राहतील गं ते?"

तिचं चुकत नव्हतं. पण घर विकलं की स्लीपआउटही विकलं जाणार, आणि मला पुन्हा वीस घरं बघत हिंडावं लागणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही.

ताई रोज फोन करून बारीकसारीक विचारायची आणि डॉक्टर वैतागायचे. शेवटी त्यांनी तोडगा काढला. रोज सकाळी ते एका कार्डावर बुलेटिन लिहून माझ्या दाराच्या काचेला चिकटवायचे. मी कामावर जाता जाता त्याचा फोटो काढून ताईला पाठवायचे. "तू प्रवक्ता," त्यांनी मला नेमणूक सांगितली. "प्रवक्त्यानं फक्त वाचायचं असतं. विचार करायचा नसतो."

मला या कामाची फार मजा यायची. 'म्झेंनी हलका आहार घेतला,' म्हणजे खिचडी करपली आणि बिस्किटं खाल्ली. 'म्झेंनी शेजारी राष्ट्राशी मोकळ्या वातावरणात चर्चा केली,' म्हणजे पलीकडच्या लिनबाईंशी कुंपणाच्या झुडपांवरून भांडण. काहीच घडलं नसेल तर 'म्झे मजेत आहेत.' ताई हसण्याचे चेहरे पाठवायची.

मग एका सकाळी गाडी मागे घेताना डॉक्टरांच्या पायाकडून काहीतरी गडबड झाली आणि गाडी लिनबाईंच्या अगापँथसच्या वाफ्यात जाऊन उभी राहिली. मी खिडकीतून बघत होते. डॉक्टर बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिले होते. लिनबाई गाउनवरच बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "स्वीट अॅज, डॉक, काही बिघडलं नाही. तसंही ते तणच आहे." पण जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं, ते मला आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी काचेवर बुलेटिन होतं: 'म्झेंनी शेजारी राष्ट्राला अल्पकाळ भेट दिली.'

मी खो खो हसले. फोटो काढला, पाठवला. ताईनंही हसण्याचे तीन चेहरे पाठवले. बसमध्ये बसल्यावर माझं हसू ओसरलं आणि मला स्वतःची लाज वाटली. तरी मी ताईला फोन केला नाही. वाक्य खोटं नव्हतं, असं मी स्वतःला सांगितलं.

त्यानंतर मला दिसायला लागलं. खरं म्हणजे आधीपासून दिसत होतं, मी बघत नव्हते. लेटरबॉक्सकडे जाताना त्यांचा उजवा हात झुलत नव्हता. उन्हाळ्यातही ते कार्डिगन घालायचे आणि तो हात खिशात असायचा. शनिवारच्या राउंडला चहाचा कप डाव्या हातात. मी एकदा कपाकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. "देशभक्ती," ते म्हणाले. मी हसले. काय करणार? त्या दिवशी मीही माझा कप डाव्या हातात घेतला आणि कुर्त्यावर चहा सांडला. 

इथे पंचाहत्तरीला, मग ऐंशीला आणि पुढे दर दोन वर्षांनी लायसन्स नवीन करावं लागतं, आणि त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरांना ब्याऐंशी पूर्ण व्हायला दोन महिने होते. पत्र आलं. त्या आठवड्यात काचेवर बुलेटिन लागलं: 'म्झे खासगी भेटीसाठी परदेशी जात आहेत.'

परदेश म्हणजे हॅमिल्टन. बसनं दोन तास. तिथे आफ्रिकेतल्या दिवसांपासूनचे त्यांचे एक गुजराती मित्र जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, होते. संध्याकाळी डॉक्टर परत आले ते एक चीजचा ठोकळा आणि एक लिफाफा घेऊन. चीज मला दिलं.

त्या शनिवारी राउंड झालीच नाही. टीव्ही बंद होता. डॉक्टरांनी टेबलावर लिफाफा ठेवला, त्यावर गाडीच्या किल्ल्या ठेवल्या.

"दाखला मिळाला," ते म्हणाले. "त्यानं माझी नाडीसुद्धा बघितली नाही. तासभर जुन्या गप्पा मारल्या, ढोकळा खाल्ला आणि सही केली. तो मला काय नाही म्हणणार?"

मी अभिनंदन म्हणाले. ते त्यांनी ऐकलंच नाही.

"तुला मी चहाची गोष्ट सांगतो नेहमी. त्याच्या पुढची सांगितली नाही. फोटोनंतर वर्षभरानं एकदा मी म्झेंचा रक्तदाब बघत होतो. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ते मला म्हणाले, डॉक्टर, खरं सांग. मी दमलोय. गावाकडे माझी गुरं आहेत. जाऊ का घरी?" डॉक्टरांनी किल्ल्या जरा बाजूला सरकवल्या. "त्या वेळी माझी मुलगी तिथल्या चांगल्या शाळेत होती. बंगला होता. माझा परवाना त्यांच्या सहीवर होता. मी पट्टा सोडवत म्हणालो, म्झे, अजून दहा वर्षं तुम्हाला काही होत नाही."

"मग?"

"मग काय. नऊ वर्षं बसले. शेवटची चार त्यांना मंत्र्यांची नावंही आठवत नव्हती. लोक म्हणतात म्हातारा खुर्चीला चिकटला. तो उठत होता गं. मी खाली बसवला."

बाहेर लिनबाईंचं लॉन मोअर चालू होतं. दोन ते चारच्या मधलीच वेळ होती, पण डॉक्टर काही म्हणाले नाहीत.

"आता तू सांग," ते म्हणाले. "कागदानं मी चालवू शकतो. तू औषधं देतेस रोज असल्या लोकांना. मी चालवू का?"

मला प्रश्न कळला होता आणि त्याच्या मागचं सगळं कळलं होतं. किल्ल्या गेल्या की डॉक्टर जाणार, घर जाणार, माझी खोली जाणार, शनिवार जाणार. मला खोलीपेक्षा शनिवारचं जास्त वाईट वाटत होतं, पण खोलीचंही वाटत होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही.

"तुम्ही मजेत आहात, डॉक्टर," मी म्हणाले.

"वाक्य छान आहे. खोटं अजिबात नाही. आता उत्तर दे."

मी फोन काढला. त्यात दोन वर्षांची बुलेटिनं होती. पहिल्या महिन्यातलं एक काढलं आणि त्या दिवशी सकाळचं एक, आणि दोन्ही त्यांच्यासमोर धरली. पहिल्यातली अक्षरं मोठी, ऐसपैस, ओळ कार्डाच्या काठापर्यंत गेलेली. आजची ओळ तीच होती, पण अर्ध्या कार्डातच संपली होती, आणि शेवटचा शब्द मुंगीएवढा झाला होता. मधली मी बोटानं सरकवत गेले. अक्षर आठवड्याआठवड्यानं लहान होत होतं. रोज फोटो काढणाऱ्या मला ते दोन वर्षांत दिसलं नव्हतं.

डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. बघत राहिले. सगळ्या आफ्रिकेच्या सह्या तपासणाऱ्या माणसानं स्वतःचं अक्षर कधी बघितलं नव्हतं.

"नको चालवू, डॉक्टर," मी म्हणाले.  "परवा वाफा होता. तिथे कुणी उभं असतं तर? पुरे आता."

मी त्यांना एकेरीत बोलले हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्यांच्या बहुधा आलंच नाही.  मग त्यांनी डाव्या हातानं किल्ल्या उचलल्या आणि माझ्या पुढ्यात ठेवल्या.

"मला हे बोलता आलं नव्हतं," ते म्हणाले. "आणि मी तर डॉक्टर होतो."

मग म्हणाले, "कार्ड आण."

लिहायला त्यांना पंधरा मिनिटं लागली. कंपवातात मुद्दाम मोठं लिहायचा सराव करतात, ते त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. एकेक अक्षर दोन इंच. तीन कार्डं लागली. आधी त्यांनी 'म्झे' असं लिहिलं, मग ते खोडलं आणि लिहिलं: 'माझा उजवा हात थरथरतो. मी आज गाडी सोडली. मला भीती वाटते आहे.'

"पाठव," ते म्हणाले. "आणि बघ, यातही खोटं एकही नाही."

मी पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. या वेळी हसण्याचे चेहरे आले नाहीत. ताईचा फोन आला, आणि डॉक्टर तो घेऊन बागेत लिंबाच्या झाडाकडे गेले. चालताना उजवा हात झुलत नव्हता. पण या वेळी तो त्यांनी खिशात घातला नाही.

पुढचं सगळं झटपट झालं. खरे डॉक्टर, खऱ्या तपासण्या, खऱ्या गोळ्या. ताई येऊन घर आवरून गेली. निळी गाडी लिनबाईंच्या भाच्यानं नेली. ताईनं माझ्यासाठी दोन घरमालकांना फोन केले आणि सध्या मी तिघींबरोबर एका घरात राहते, जिथे मला कुणी चालून दाखवायला सांगितलं नाही. वही डॉक्टरांनी बरोबर नेली. अजूनही शनिवारी दुपारी माझ्या फोनवर वेलिंग्टनहून एखादा शब्द येतो: 'वेल्क्रो.' मग मी बातम्या लावते, तर खरोखरच कुणीतरी राष्ट्राध्यक्ष वेल्क्रोचे बूट घालून कशाचं तरी उद्घाटन करत असतात.

पण मला सांगायचंय ते विमानतळाचं. ताईनं त्यांच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती आणि ते बसणार नाहीत म्हणून ती मनातून धास्तावली होती. मीही. बावीस वर्षं या माणसानं एका म्हाताऱ्याला व्हीलचेअरवर कुणाच्या नजरेला पडू दिलं नव्हतं. त्यासाठी रात्रीची विमानं उतरवली होती, पडदे लावले होते, एकदा तर संबंध बँडपथक मध्ये उभं केलं होतं. विमानतळाची मुलगी खुर्ची घेऊन आली. डॉक्टरांनी खुर्चीची चाकं बघितली, ब्रेक बघितला, आणि बसले.

"सगळ्यांच्या समोरून ने," ते तिला इंग्रजीत म्हणाले. "मला काही घाई नाही."

मी पुढे झाले आणि हात मिळवायला सवयीनं डावा हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"निरोपाला तो नको," ते म्हणाले. "हा बरा. नुसता वर धरला की झालं, बाकीचं तोच करतो."

आणि सगळ्या गर्दीच्या मधून जाताना त्यांनी कार्डिगनच्या खिशातून उजवा हात काढला, उंच धरला, आणि गेटमधून दिसेनासे होईपर्यंत तो हलत राहिला.